स्क्रीनवरची म्हैस: डेस्कटॉप पेटबद्दलचे गैरसमज

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एखादं मेंढरू तुरुतुरु चालताना दिसलं की कोल्हापुरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “व्हायरस हाय भावा, फॉरमॅट मार.” आणि लोक खरोखर मारतात. पोराने हौसेने टाकलेलं मेंढरू जातं, सोबत वडिलांचे दोन वर्षांचे हिशेबही जातात. म्हणून हा खुलासा.

डेस्कटॉप पेट म्हणजे बिनचौकटीची, पारदर्शक पाटी असलेली एक छोटी विंडो. तिच्यात चित्रं एकामागून एक बदलतात आणि ती विंडो स्क्रीनवर इकडून तिकडे सरकते. बाकीच्या विंडो कुठे आहेत हे प्रोग्रॅम विंडोजलाच विचारतो, म्हणून त्या प्राण्याला आपल्या वर्डच्या फाइलच्या काठावर बसता येतं. सारी करामत एवढीच.

“हा व्हायरसच असतो.”

या भीतीला इतिहास आहे. १९९९-२००० च्या सुमारास बॉन्झीबडी नावाचा जांभळा गोरिला आला. तो बोलायचा, विनोद सांगायचा, गाणी म्हणायचा. त्याच्या कंपनीने पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलांची माहिती गोळा केल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २००४ मध्ये कंपनीला ७५,००० डॉलर भरावे लागले. त्या गोरिलाने या सगळ्या जमातीचं नाव खराब केलं ते आजतागायत.

पण धोका चित्रात नसतो, फाइल कुठून उचलली यात असतो. उदाहरणार्थ शिमेजी हा जपानी डेस्कटॉप पेट: मूळ कर्त्याच्या पानावरून घेतलेली शिमेजी आणि ‘फ्री डाउनलोड’च्या पाच बटणांमागून आलेली शिमेजी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. विंडोज निळी पाटी दाखवून अडवतं, तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की या प्रोग्रॅमवर ओळखीच्या प्रकाशकाची डिजिटल सही नाही. हौशी माणसं अशा सहीवर पैसे घालत नाहीत. तरी ती पाटी डोळे मिटून ओलांडू नये. फाइल आधी व्हायरसटोटल या वेबसाइटवर तपासावी, दोन मिनिटांचं काम आहे.

खरं सावध राहायचं ते ब्राउझरच्या एक्स्टेन्शनबाबत. तिथला प्राणी प्रत्येक वेबपानात घुसवावा लागतो, म्हणून तो ‘सर्व साइटवरचा डेटा वाचण्याची व बदलण्याची’ परवानगी मागतो. त्या सगळ्या साइटमध्ये तुमची बँकही आली. ज्या ब्राउझरमधून पैशाचे व्यवहार करता, तिथे मांजर पाळू नका, हे माझं स्पष्ट मत. अँड्रॉइडवरचे असे प्राणी ‘इतर ॲप्सच्या वर दिसण्याची’ परवानगी मागतात, तिथेही हाच हिशेब.

“हे आत्ताच्या पोरांचं खूळ आहे.”

नाओशी वातानाबे यांनी जपानी एनईसीच्या पीसी-९८०१ वर कर्सरमागे धावणारी मांजर आणली ती १९८० च्या दशकात. केंजी गोतो यांनी १९८९ मध्ये ती मॅकिंटॉशवर नेली. विंडोज ९५ च्या काळात मेंढरू आलं, मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मध्ये ती डोळे मिचकावणारी पेपरक्लिप आली. शिमेजी २००९ ची, आणि माउस पळवणारा हंस, म्हणजे डेस्कटॉप गूज, २०२० चा. (त्याला घालवायला एस्केप बटण दाबून धरावं लागतं. हे आधी माहीत नसेल तर माणूस रडकुंडीला येतो.)

“मशीन स्लो होतं.”

हिशेब करू. शिमेजीच्या नेहमीच्या संचात ४६ चित्रं असतात, प्रत्येक १२८ बाय १२८ पिक्सेलचं. एका पिक्सेलला चार बाइट धरले तर एक चित्र ६४ केबी, आणि सगळा संच तीन एमबीच्या आत. शिमेजीला जावा नावाचं सॉफ्टवेअर लागतं, ते यापेक्षा बरीच जास्त मेमरी खातं, पण साध्या लॅपटॉपला तेही जड नाही.

मशीन धापा टाकायला लागतं ते वेगळ्या कारणाने. शिमेजी स्वतःची पिल्लं काढते. जेवून येईपर्यंत एकाचे वीस झालेले असतात. घड्याळाशेजारच्या चिन्हावर राइट क्लिक करून मेनूतून संख्या पुन्हा एकावर आणता येते, आणि परवानगी असलेल्या वागणुकींच्या यादीत पिल्लं काढण्यावरची खूणही काढून टाकता येते. हे पहिल्याच दिवशी करावं.

तिथेच विंडो फेकण्याचीही खूण असते. उघडलेली विंडो उचलून स्क्रीनबाहेर नेऊन टाकणं हा शिमेजीचा आवडता उद्योग. फाइल उडाली असं वाटतं, पण ती जागच्या जागी असते, फक्त विंडो दिसेनाशी झालेली असते. त्याच मेनूत विंडो परत आणायचं बटण आहे.

“आपलं स्वतःचं करायला प्रोग्रॅमिंग यावं लागतं.”

सगळ्यात मोठा गैरसमज हा. सिनेमाकार बाबूराव पेंटरांनी ज्या कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला, त्या गावात तरी तो नसावा.

शिमेजीची चित्रं साध्या पीएनजी फाइली असतात, ‘शिमे१’पासून ‘शिमे४६’पर्यंत (फाइलींची मूळ नावं आणि आकडे मात्र रोमनच ठेवायचे). त्याच नावाने आपली चित्रं ठेवली की प्राणी बदलला. मूळचं जपानी पात्रच कशाला पाहिजे? म्हैस काढा. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात कसबा बावड्यात, सागरमाळावर म्हशी सजवून मालकाच्या मोटरसायकलमागे पळवतात. शिमेजीत कर्सरमागे धावायची आज्ञा आहे, तिच्यासाठी याहून योग्य जनावर नाही.

आता अडचणी. पंढरपुरी म्हशीची शिंगं खांद्याच्याही मागे जातात. चौकोनात आधी अंग काढलं की शिंगांना जागा उरत नाही आणि ती कापली जातात. म्हणून आधी शिंगं बसवा, मग अंग. चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक ठेवा. पांढरी ठेवली तर म्हशीभोवती पांढरा डबा फिरतो. खूर चौकोनाच्या तळाला टेकले पाहिजेत, कारण प्रोग्रॅम ६४,१२८ हा बिंदू, म्हणजे खालच्या कडेचा मध्य, जमिनीला लावतो. खूर चार पिक्सेल वर राहिले तर म्हैस टास्कबारवर अधांतरी चालते.

चालीला तीनच चित्रं पुरतात: उभी, एक पाऊल, उभी, दुसरं पाऊल. प्रोग्रॅम सेकंदाला २५ ठोके घेतो आणि मूळ मांडणीत प्रत्येक चित्र सहा ठोके टिकतं, म्हणजे चार टप्प्यांची चाल एका सेकंदात पुरी होते. वेग ठोक्याला दोन पिक्सेल. १३६६ पिक्सेलची स्क्रीन पार करायला म्हशीला साधारण २७ सेकंद लागतात. म्हशीच्या मानाने हे बरोबरच आहे.

चित्रं डावीकडे तोंड करून काढायची. उजवीकडे वळताना प्रोग्रॅम तेच चित्र आरशासारखं उलटवतो. झुलीवर मालकाचं नाव लिहिलंत की परतीच्या वाटेवर ते उलटं दिसणार. मग उजव्या बाजूची चित्रं वेगळी द्या किंवा झूल कोरी ठेवा. मी कोरीच ठेवेन.

शेवटी म्हैस भिंत चढते, ते थांबवायचं. बिहेवियर्स नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये प्रत्येक वागणुकीपुढे फ्रीक्वेन्सीचा आकडा असतो. हा आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे, एकमेकांच्या तुलनेतलं वजन आहे: २०० वालं १०० वाल्याच्या दुप्पट वेळा निवडलं जातं. चढण्यापुढे शून्य लिहा, बसण्यापुढे मोठा आकडा. नोटपॅड पुरतो. आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा, एक कंस चुकला तरी प्रोग्रॅम उघडत नाही.

उघडत नाही म्हणजे फाइलच खराब, असंही समजू नका. बहुतेक वेळा जावा नसतं, नाहीतर झिप न सोडताच आतल्या आत डबल क्लिक केलेलं असतं.

“ते आपलं ऐकतं, उपाशी राहिलं तर मरतं.”

मरायची ती १९९६ ची तामागोची. साध्या शिमेजीला भूक नाही, कानही नाहीत. पुढे काय करायचं हे ती त्या आकड्यांच्या वजनाने चिठ्ठी काढून ठरवते. हल्ली एआयशी जोडलेले बोलके प्राणी निघालेत, त्यांचा प्रकार निराळा. तुम्ही टाइप केलेलं दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातं, म्हणून त्यांच्या अटी वाचूनच घ्या.

आणि कंटाळा आला तर फॉरमॅट लागत नाही. शिमेजीला इन्स्टॉलर नसतो. मेनूतून ती बंद करा, स्टार्टअपमध्ये शॉर्टकट ठेवला असेल तर काढा आणि फोल्डर डिलीट करा.