पेशीतला केर आणि त्याची खूण

आज आपण शरीराच्या आतल्या साफसफाईविषयी बोलू.

आपल्या प्रत्येक पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं काम करतात. एखादं बिघडलं किंवा त्याचं काम संपलं, की ते मोडावं लागतं. पण नेमकं कोणतं मोडायचं? गुरांच्या कानाला बिल्ला मारतात, तशी पेशी त्या प्रथिनाला खूण लावते. या खुणेचं नाव युबिक्विटिन. तेही एक छोटं प्रथिनच. एकाला एक जोडून त्याची साखळी होते. एका पद्धतीने जोडलेली साखळी सांगते, 'हे मोडा'. दुसऱ्या पद्धतीची सांगते, 'इथे दुरुस्ती करा'. मोडणाऱ्या यंत्रणेला प्रोटिआसोम म्हणतात. ही खूण कशी काम करते हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2004 साली नोबेल मिळालं.

ही साखळी अभ्यासासाठी पकडणं मात्र अवघड. पेशी फोडली, की तिच्यातलीच काही प्रथिनं कात्रीसारखी साखळी तोडतात. 2009 साली स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी त्यावर उपाय मांडला. युबिक्विटिनला चिकटणारे प्रथिनाचे चार तुकडे त्यांनी ओळीने जोडले. गोखरूचा एक काटा लुगड्यातून सहज निघतो, चार रुतले तर निघत नाहीत. तशी साखळी घट्ट धरली जाते आणि कात्रीपासून वाचते. या तुकड्यांना एक शेपटी जोडतात, ती बारीक मण्यांना चिकटते. मणी चुंबकाला ओढले जाणारे असतील, तर नळीला बाहेरून चुंबक लावायचं. मणी बाजूला येतात, बाकीचं धुऊन टाकायचं. धान्यातले खिळे काढावेत तसंच हे.

याचा आपल्याशी संबंध काय? मल्टिपल मायलोमा नावाचा कॅन्सर हाडांच्या मगजात होतो. त्या पेशी फार प्रथिनं बनवतात, म्हणून केरही फार. बोर्टेझोमिब हे इंजेक्शन प्रोटिआसोम अडवतं. केर तुंबतो आणि ती पेशी मरते. औषधाने कोणती प्रथिनं खुणेसकट साचली, हे तपासायला वरची युक्ती उपयोगी पडते. आपल्याकडे खारघरच्या टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रातही प्रोटिआसोमवर संशोधन झालं आहे.

आता महत्त्वाचं. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोडीला जाणाऱ्या, कांद्याच्या रानात वाकणाऱ्या बाया कंबरदुखीला 'कामाचं दुखणं' म्हणतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण पन्नाशीनंतर कंबर किंवा बरगड्या आठवडेच्या आठवडे दुखत असतील, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, थकवा जात नसेल, तर फक्त मलम चोळत बसू नका. हे सगळं डॉक्टरांना एकत्र सांगा आणि रक्त-लघवीची तपासणी करायची का, ते विचारा. वेदनाशामक गोळ्या मनाने खाऊ नका. या आजारात मूत्रपिंडाला त्यांचा जास्त धोका असतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे जरूर सांगा.