श्वासातून कर्करोगाची चाहूल

कल्याण-डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे निघालेले रुग्ण व त्यांचे आप्त मध्य रेल्वेवर नेहमीच दिसतात. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात पोहोचेपर्यंत अनेकांचा रोग बळावलेला असतो. रोगाची चाहूल लवकर व अल्प खर्चात लागावी, यासाठी जगभर जे प्रयत्न चालू आहेत, त्यांपैकी एक म्हणजे श्वास तपासणारे धातू-ऑक्साइड वायुसंवेदक होत.

मनुष्याच्या उच्छ्वासात सुमारे २५० द्रव्ये असल्याचे नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७१ साली दाखवून दिले. कर्करोगग्रस्त पेशींचे चयापचय बदलते आणि त्याबरोबर यांतील काही द्रव्यांचे प्रमाणही बदलू शकते. हा बदल अर्थातच अत्यंत सूक्ष्म असतो.

तो टिपायचा कसा? कथिल ऑक्साइडचा थर साधारणतः २०० ते ४०० अंश सेल्सियसपर्यंत तापविला, की हवेतील प्राणवायू त्यावर बसून थरातील इलेक्ट्रॉन ओढून घेतो व विद्युतरोध वाढतो. ॲसिटोनसारखी वाफ तेथे येताच तिचा या प्राणवायूशी संयोग होतो, इलेक्ट्रॉन थरात परततात आणि रोध घटतो. ही घट मोजता येते. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ च्या सुमारास अशा संवेदकाचा पाया घातला. स्वयंपाकघरातील गॅसगळतीची सूचना देणारी अनेक उपकरणे याच तत्त्वावर चालतात.

मात्र एकच संवेदक अनेक वायूंना प्रतिसाद देतो. म्हणून अनेक संवेदक एकत्र बसवून त्यांच्या प्रतिसादांचा आकृतिबंध संगणकाद्वारे पडताळला जातो.

येथेच खरी कसोटी आहे. उच्छ्वास बाष्पाने भारलेला असतो आणि बाष्पामुळे संवेदकाचे मापन बदलते. त्यात ठाण्याचा दमट पावसाळा, डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांलगतची हवा आणि तंबाखूचे व्यसन यांची भर पडते. परदेशातील कोरड्या, थंड हवेत अचूक ठरलेले उपकरण येथे चुकू शकते. त्याची पारख येथील हवेत, येथील माणसांवरच व्हावयास हवी.

आजही कर्करोगाचे निश्चित निदान सामान्यतः ऊतीचा तुकडा तपासूनच होते. तेव्हा तोंडातील व्रण दोन आठवड्यांत भरून न आल्यास यंत्राची वाट न पाहता जवळच्या शासकीय वा महापालिका रुग्णालयात तपासणी करून घेणे, हेच शहाणपणाचे होय.