कोसळलेल्या आज्ञावलीचा माग

सी भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीत एक फंक्शन दुसऱ्यास बोलावते, तेव्हा परत कोठे यावयाचे तो पत्ता स्टॅक नावाच्या स्मृतिभागावर नोंदला जातो. आज्ञावली कोसळली की हे पत्ते अलीकडून पलीकडे वाचीत जावयाचे. ती कोणत्या मार्गाने तेथवर आली ते कळते. परंतु पत्ते म्हणजे केवळ आकडे. त्यांना नावे देते ती चिन्हसारणी. समजा, एक फंक्शन 4000 या पत्त्यावर सुरू होते व पुढचे 4180 वर. तर 4096 हा पत्ता पहिल्याच्या आरंभापासून 96 बाइट अंतरावर पडतो. (परतीचा पत्ता बोलावण्याच्या आज्ञेनंतरचा असतो, म्हणून जाणकार त्यातून एक वजा करून मगच शोध घेतात.)

कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नलच, कोसळला तर हा माग काढावयाचा कोणी? जायबंदी कर्नलच्या हाती डिस्क देणे धोक्याचे. तो चांगली माहितीही बिघडवावयाचा. बंगळूर येथील आयबीएमच्या लिनक्स केंद्रातील विवेक गोयल प्रभृती अभियंते व अमेरिकेतील एरिक बीडरमन यांनी यावर केडंप ही योजना उभी केली. 2005 साली ती लिनक्स 2.6.13 मध्ये समाविष्ट झाली. स्मृतीचा थोडा भाग आधीच राखून ठेवावयाचा. पहिला कर्नल कोसळताच तेथे दुसरा जागा होतो आणि पहिल्याची स्मृती उतरवून घेतो.

ती वाचण्यास मात्र त्याच कर्नलची, चिन्हांसह जपलेली प्रत हवी. निराळ्या बांधणीची सारणी लावली आणि वाचणारे साधन सावध नसले, तर प्रत्येक पत्त्यास नाव मिळते खरे, पण ते दुसऱ्याचेच. आणि निरपराध फंक्शनची चौकशी सुरू होते.