हे उरलंपूर केंद्र आहे!

"आज सकाळी सूर्य उगवला. त्याबद्दल नगरवासीयांनी महाराजांचे जाहीर आभार मानले. शहरात आता तीनच इमारती उभ्या असून त्यातल्या दोन महाराजांची स्मारकं आहेत. तिसरीत नळ होता, तो उद्घाटनानंतर बंद करण्यात आला..."

कसं वाटलं? जगबुडीनंतरचं शहर, वर एक हुकूमशहा आणि त्याची आरती ओवाळणारा रेडिओ. नागपुरातल्या एका एफएमवाल्या मित्रासाठी मी हे स्क्रिप्ट लिहिलं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "सॉरी यार, हे बातम्यांसारखं वाटतं. नाही लावता येणार."

आपल्याकडे खासगी एफएमने गाणी वाजवावीत, जोक मारावेत, पण स्वतःच्या बातम्या? ना बाबा ना. २०१९ मध्ये आकाशवाणीचं बुलेटिन लावायची मुभा मिळाली, तेही जसंच्या तसं. २०२३ मध्ये 'ट्राय'ने शिफारस केली की तासाला दहा मिनिटं यांना स्वतःच्या बातम्या देऊ द्या. दहा मिनिटं! माझ्या महाराजांच्या पदव्याच तेवढ्यात संपायच्या नाहीत.

वैतागून पोळ्याला खाप्याला गेले. कन्हानकाठचं हे हातमागाचं गाव म्हणजे माझं आजोळ. ओसरीवर आबांना स्क्रिप्ट वाचून दाखवलं. मला वाटलं, 'जगबुडी' वगैरे त्यांना काय कळणार! आबा शांतपणे म्हणाले, "यात नवीन काय हाय वं? आमी तं हे रेडिओवर खरोखरचं आयकलं हाय."

२५ जून १९७५ ची रात्र. आणीबाणी लागली आणि दुसऱ्या सकाळी इंदिरा गांधींनी ते रेडिओवरूनच देशाला सांगितलं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, विरोधक तुरुंगात आणि आकाशवाणीवर वीस कलमी कार्यक्रमाचं गुणगान. लोकांनी मग तिचं बारसंच करून टाकलं, 'ऑल इंदिरा रेडिओ'. एका शब्दात अख्खं बुलेटिन! ना ट्रान्समीटर, ना लायसन्स. त्याच जूनमध्ये मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त लोकशाहीच्या निधनाची छोटी जाहिरात छापून आली होती. पत्रकार अशोक महादेवन यांनी ती शोकसंदेशांच्या रांगेत गुपचूप घुसवली होती. स्टुडिओ नसला तरी अडत नाही, ते असं.

आणि आपलं नागपूर? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीसोबत निघणारे बडगे पाहा. महागाई, भ्रष्टाचार, पुढारी, ज्याचा राग येईल त्याचा पुतळा, गळ्यात पाटी आणि भर रस्त्यात मिरवणूक. बातम्याच की या, पायी चालणाऱ्या!

मी हे सगळं उत्साहात सांगत होते. आबांचं लक्ष मात्र माझ्या कागदाकडे.

"हे मधातच एक ओळ कावून खोडली?"

कान गरम झाले माझे. त्या ओळीत महाराजांचं वर्णन जरा जास्तच ओळखू येण्यासारखं झालं होतं. एफएमवाल्या मित्राने नाही, कुठल्या साहेबाने नाही... मीच खोडली होती. कुणी सांगायच्या आधी. आणि तेही काम मिळावं म्हणून, जे मिळालंच नाही.

"वाच," आबा म्हणाले.

वाचली. ते खळखळून हसले. मग उठले, दाराची कडी लावून आले आणि पुन्हा बसत म्हणाले, "आता पुन्यांदा वाच."