करार आणि कारभार : झिंबाब्वेतील सत्तासहभागाचा प्रयोग (२००८ ते २०१३)

प्रस्तावना

निवडणुकीत जनतेने नाकारलेल्या शासकाने पायउतार व्हावे, हा लोकशाहीचा प्राथमिक संकेत होय. हुकूमशाही वृत्तीचा शासक हा संकेत मानीत नाही. तथापि, उघड दडपशाहीची किंमत परवडेनाशी झाली म्हणजे तोही विरोधकांशी वाटाघाटी करावयास तयार होतो, करारावर स्वाक्षरी करतो आणि त्यांना मंत्रिमंडळात स्थान देतो. अशा वेळी सत्तेची खरोखर वाटणी होते काय, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या अभ्यासकापुढे उभा राहतो. झिंबाब्वेत रॉबर्ट मुगाबे यांचा झानू-पीएफ पक्ष आणि मॉर्गन त्स्वांगिराई यांचा मूव्हमेंट फॉर डेमोक्रॅटिक चेंज अर्थात एमडीसी हा पक्ष यांनी २००९ ते २०१३ या काळात एकत्रित सरकार चालविले. या प्रयोगाच्या आधारे वरील प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सत्तासहभागाची संकल्पना

सत्तासहभागाच्या सिद्धान्ताची पद्धतशीर मांडणी आरेंड लाइपहार्ट यांनी केली. दुभंगलेल्या समाजात लोकशाही टिकावयाची असेल तर सर्व प्रमुख गटांची व्यापक आघाडी, परस्परांना नकाराधिकार, प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणि गटांना अंतर्गत स्वायत्तता या चार गोष्टी आवश्यक आहेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. यांपैकी आघाडी आणि प्रमाण या गोष्टी कागदावर आणणे सोपे असते. मंत्रिपदे मोजता येतात आणि वाटताही येतात. नकाराधिकाराचे तसे नाही. एका पक्षाच्या संमतीवाचून दुसऱ्यास निर्णय घेता येऊ नये, ही त्याची अट असते आणि एकहाती कारभाराची सवय जडलेल्या शासकास नेमकी हीच अट असह्य होते. झिंबाब्वेच्या प्रयोगातील संघर्षाचे मूळ येथेच आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९७९ च्या लँकेस्टर हाऊस करारानंतर १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे स्वतंत्र झाला आणि मुगाबे पंतप्रधान झाले. स्वातंत्र्यलढ्यातील दुसरे नेते जोशुआ एन्कोमो यांचा झापू हा पक्ष प्रारंभी सरकारात सामील होता. १९८२ मध्ये एन्कोमो यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आले. त्यानंतर एन्कोमो यांचा प्रभाव असलेल्या माताबेलेलँड प्रदेशात लष्कराच्या पाचव्या ब्रिगेडने भीषण दमनसत्र चालविले. त्यात बळी पडलेल्यांची संख्या २०,००० पर्यंत असावी, असा अंदाज व्यक्त केला जातो. अखेर २२ डिसेंबर १९८७ रोजी ऐक्य करार झाला आणि झापू पक्ष झानू-पीएफमध्ये विलीन झाला. एन्कोमो पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्याच सुमारास घटनादुरुस्तीद्वारे पंतप्रधानपद रद्द होऊन मुगाबे कार्यकारी राष्ट्राध्यक्ष बनले. विरोधकास आधी दुर्बल करावयाचे आणि मग सन्मानाचे पद देऊन आपल्यात सामावून घ्यावयाचे, ही रीत या करारातून रूढ झाली. २००८ मध्ये वाटाघाटीस बसताना मुगाबे यांच्यापुढे हाच यशस्वी अनुभव असणार, असे अनुमान काढण्यास जागा आहे.

१९९९ मध्ये कामगार चळवळीतून एमडीसीचा उदय झाला. फेब्रुवारी २००० मध्ये सरकारी घटनामसुदा सार्वमतात फेटाळला गेला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत १२० निर्वाचित जागांपैकी ५७ जागा या नव्या पक्षाने जिंकल्या. जानेवारी २००२ मध्ये लष्करप्रमुखांनी जाहीर निवेदन केले. स्वातंत्र्यलढ्याचा वारसा नसलेल्या नेत्यास सुरक्षा दले मानणार नाहीत, असा त्याचा आशय होता. म्हणजेच मतपेटीतून येणाऱ्या निर्णयावर सुरक्षा दलांनी आपला नकाराधिकार आधीच घोषित केला होता.

निवडणूक ते करार

२९ मार्च २००८ च्या निवडणुकीत एमडीसीच्या दोन्ही गटांना मिळून संसदेच्या कनिष्ठ सभागृहात बहुमत मिळाले. राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल मात्र २ मे पर्यंत रोखून धरण्यात आला. त्स्वांगिराई यांना ४७.९ टक्के, तर मुगाबे यांना ४३.२ टक्के मते मिळाल्याचे तेव्हा जाहीर झाले. कोणासही निम्म्याहून अधिक मते नसल्याने फेरमतदान ठरले. मधल्या काळात विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्यांवर व समर्थक खेड्यांवर संघटित हल्ले झाले. आपले ८० हून अधिक समर्थक मारले गेल्याचे सांगून त्स्वांगिराई यांनी माघार घेतली. २७ जून रोजी एकतर्फी मतदान झाले आणि दोनच दिवसांत मुगाबे यांनी शपथ घेतली.

परंतु ही जिंकलेली सत्ता चालविणे अशक्य झाले होते. जुलै २००८ मध्ये अधिकृत वार्षिक महागाईदर २३ कोटी टक्क्यांच्या पुढे गेला होता. शाळा ओस पडल्या, रुग्णालये बंद पडू लागली आणि त्या वर्षीच्या ऑगस्टपासून पसरलेल्या पटकीच्या साथीत ४,००० हून अधिक माणसे दगावली. अशा स्थितीत दक्षिण आफ्रिकी विकास समुदायाच्या वतीने थाबो एम्बेकी यांनी मध्यस्थी केली आणि १५ सप्टेंबर २००८ रोजी 'ग्लोबल पोलिटिकल ॲग्रीमेंट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या.

कराराची रचना

करारानुसार मुगाबे राष्ट्राध्यक्ष राहिले. त्स्वांगिराई यांना पंतप्रधानपद आणि एमडीसीच्या दुसऱ्या गटाचे आर्थर मुताम्बारा यांना उपपंतप्रधानपद मिळावयाचे होते. ३१ मंत्र्यांपैकी १५ झानू-पीएफचे, १३ त्स्वांगिराई गटाचे आणि ३ मुताम्बारा गटाचे असावेत, असे ठरले. विरोधकांची बेरीज १६ होत असल्याने वरवर पाहता बहुमत त्यांच्याकडे गेले होते.

अधिकारांची रचना मात्र वेगळे सांगते. मंत्रिमंडळाचे अध्यक्षस्थान मुगाबे यांच्याकडेच राहिले. पंतप्रधानांसाठी मंत्रिपरिषद नावाचे दुसरे मंडळ निर्माण करण्यात आले. त्यात तेच मंत्री बसणार होते, पण अंतिम धोरणनिर्णय मंत्रिमंडळाचाच होता. सेनादलांचे सरसेनापतिपद राष्ट्राध्यक्षांकडे होते. महत्त्वाच्या नेमणुका राष्ट्राध्यक्षांनी पंतप्रधानांशी विचारविनिमय करून कराव्यात, अशी तरतूद होती. विचारविनिमय म्हणजे संमती, असा अर्थ एमडीसी लावीत होती. मुगाबे यांच्या लेखी विचारविनिमय म्हणजे फार तर पूर्वसूचना होती. पुढील साडेचार वर्षांचा वाद या एका शब्दाच्या अर्थाभोवती फिरत राहिला.

प्रतिकाराच्या पद्धती

मुगाबे यांनी करार कधीही औपचारिकरीत्या मोडला नाही. त्यांचा प्रतिकार कराराच्या चौकटीत राहूनच चालला. त्याच्या चार पद्धती ठळकपणे दिसतात.

पहिली पद्धत दंडशक्ती हातची न सोडण्याची होय. स्वाक्षरीनंतर महिनाभरातच, ऑक्टोबर २००८ मध्ये, संरक्षण व गृह यांसह महत्त्वाची खाती स्वपक्षाकडे राखणारी यादी एकतर्फी प्रसिद्ध करण्यात आली. प्रादेशिक परिषदेने गृहखाते दोन पक्षांच्या दोन मंत्र्यांनी संयुक्तपणे चालवावे, असा तोडगा दिला. पोलीसप्रमुख मात्र तेच राहिले. परिणामी गृहखात्यातील एमडीसीच्या मंत्र्याकडे पद होते आणि पोलिसांवर हुकूमत नव्हती.

दुसरी पद्धत नेमणुकांची होय. सरकार प्रत्यक्षात येण्यापूर्वीच रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि महान्यायवादी यांच्या नेमणुका विरोधकांशी न बोलता करण्यात आल्या. २०१० मध्ये प्रांतिक राज्यपालांच्या बाबतीतही हेच घडले.

तिसरी पद्धत कायद्याचा आधार घेऊन सहकाऱ्यासच जेरबंद करण्याची होती. एमडीसीचे नियोजित कृषी उपमंत्री रॉय बेनेट यांना १३ फेब्रुवारी २००९ रोजी, म्हणजे मंत्र्यांच्या शपथविधीच्या दिवशीच, अटक झाली. मे २०१० मध्ये ते निर्दोष सुटले, तरी त्यांना शपथ देण्यात आली नाही.

चौथी पद्धत समांतर उत्पन्नाची. अर्थखाते एमडीसीच्या टेंडाई बिटी यांच्याकडे होते, खाणखाते झानू-पीएफकडे. मरांगे येथील हिऱ्यांच्या खाणींतून अपेक्षित महसूल तिजोरीत येत नाही, अशी तक्रार अर्थमंत्री वारंवार करीत राहिले. तिजोरीच्या किल्ल्या विरोधकांच्या हाती आल्या. पण द्रव्याचा एक मोठा ओघ तिजोरीला वळसा घालून जात होता.

विरोधकांची कोंडी

मग एमडीसीने सरकारात जावयासच नको होते काय? या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. ११ फेब्रुवारी २००९ रोजी त्स्वांगिराई यांचा शपथविधी झाला. परकीय चलनांचा वापर अधिकृत झाल्याने महागाईचा भडका शमला. शिक्षकांसह सरकारी कर्मचाऱ्यांना दरमहा शंभर अमेरिकन डॉलरांचा भत्ता मिळू लागला; शाळा पुन्हा भरू लागल्या आणि रुग्णालये उघडली. ज्या कुटुंबातील मूल पटकीच्या साथीतून वाचले किंवा पुन्हा शाळेत गेले, त्या कुटुंबास हा करार निरर्थक होता असे म्हणता येणार नाही. सत्तेबाहेर राहून तत्त्व शाबूत ठेवणे आणि सत्तेत जाऊन माणसे जगविणे, अशा दोन पर्यायांपैकी विरोधकांनी दुसरा स्वीकारला.

त्याची राजकीय किंमत मात्र मोठी होती. अर्थव्यवस्था सावरल्याने शासनाची कोसळू पाहणारी इमारत उभी राहिली आणि तिच्यात मुगाबे यांना पुन्हा बळ गोळा करण्यास अवधी मिळाला. मार्च २०१३ मध्ये सार्वमताने नवी घटना मंजूर झाली, ही जमेची बाजू होय. तथापि, सुरक्षा यंत्रणा व प्रसारमाध्यमे यांतील सुधारणा प्रलंबित असतानाच, जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी संसदेस वगळून आपल्या विशेषाधिकारात निवडणूक जाहीर केली. ३१ जुलै रोजी झालेल्या मतदानात मुगाबे यांना सुमारे ६१ टक्के, तर त्स्वांगिराई यांना सुमारे ३४ टक्के मते मिळाल्याचे घोषित झाले. मतदारयाद्यांवर गंभीर आक्षेप घेतले गेले. पण शेजारी राष्ट्रांनी निकाल मान्य केला आणि सत्तासहभाग संपुष्टात आला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, सत्तेची वाटणी मंत्रिपदांच्या संख्येवरून मोजता येत नाही; शस्त्र, नेमणूक आणि पैसा या तिहींवरील नियंत्रण कोणाकडे आहे, हे पाहावे लागते. दोन, करारातील संदिग्ध शब्द नेहमी बलवानाच्या बाजूने वाचला जातो. म्हणून संमती हवी असेल तेथे संमती हाच शब्द निःसंदिग्धपणे लिहून घ्यावा लागतो, आणि त्याचा भंग झाल्यास काय करावयाचे, हेही. तीन, मध्यस्थ राष्ट्रांनी करार घडवून आणल्यावर त्याच्या पालनाची जबाबदारी सोडून देता कामा नये.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मुगाबे यांना राजीनामा द्यावा लागला तो मतदारांमुळे नव्हे, तर लष्कराने हस्तक्षेप केल्यामुळे. ज्या शक्तीचा वाटा त्यांनी विरोधकांना कधीही दिला नाही, तिनेच अखेर त्यांना पदच्युत केले. २००८ च्या करारात नसलेले कलम कोणते होते, हे त्या घटनेने पुरेसे स्पष्ट केले आहे.