कॅनडासाठी फ्रेंच: तोंडी परीक्षेची तयारी

टीसीएफ कॅनडा या फ्रेंच चाचणीची तोंडी परीक्षा अवघ्या १२ मिनिटांची. आधी स्वतःविषयी बोलायचं. मग परीक्षकालाच प्रश्न विचारून माहिती काढायची, त्याआधी दोन मिनिटं तयारीला मिळतात. शेवटी साडेचार मिनिटं एखाद्या विषयावर मत मांडायचं, तेही तयारीशिवाय. खरी कसोटी इथेच. पाठ केलेले परिच्छेद पहिल्याच उलटप्रश्नाला कोलमडतात. त्यापेक्षा रोज एक विषय घ्या, घड्याळ लावून बोला, रेकॉर्डिंग ऐका. दुसरी चाचणी, टीईएफ कॅनडा, हिची तोंडी परीक्षा १५ मिनिटांची: पहिल्या भागात अनोळखी माणसाकडे आदरार्थी ‘व्हू’ वापरून चौकशी, दुसऱ्यात मित्राला ‘त्यू’ म्हणत एखादी गोष्ट पटवणं. एक्स्प्रेस एंट्री या कॅनडाच्या स्थलांतर प्रक्रियेत फ्रेंचचे जादा गुण हवेत तर चारही कौशल्यांत एनसीएलसी या फ्रेंचच्या कॅनेडियन मोजपट्टीवर किमान ७ पातळी लागते. निकाल दोन वर्षं ग्राह्य.