लसीका ग्रंथींचे रंजक मार्गण, बृहदांत्राच्या कर्करोगातील

बृहदांत्र (मोठे आतडे) व गुदाशय यांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत अर्बुदाकडून येणाऱ्या लसीका वाहिन्या आणि त्यांच्या मार्गातील ग्रंथी रंगीत, प्रकाशमान किंवा किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने शोधून काढण्याच्या पद्धतीस लसीका ग्रंथींचे रंजक मार्गण म्हणतात. हे द्रव्य शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा तिच्या आदल्या दिवशी अर्बुदाभोवती टोचतात. काही पद्धतींत ते काढून घेतलेल्या आतड्यात, म्हणजे रुग्णाच्या शरीराबाहेर, सोडतात. या दोहोंचे हेतू वेगळे असून त्यांची गल्लत केल्यास या तंत्राविषयी अवास्तव अपेक्षा निर्माण होतात.

आतड्याच्या भित्तीत वाढणाऱ्या कर्करोगाच्या कोशिका सुट्या होऊन बहुधा प्रथम लसीका वाहिन्यांत शिरतात व जवळच्या ग्रंथींत अडकून तेथे वाढू लागतात. आतड्याच्या या ग्रंथींची मांडणी इंग्लंडमधील लीड्स येथील जेमीसन व डॉब्सन यांनी १९०९ मध्ये वर्णिली. काही ग्रंथी भित्तीलगत, काही आतड्याच्या कडेने जाणाऱ्या रोहिणीजवळ, काही मोठ्या रोहिण्यांच्या वाटेवर व शेवटच्या त्या रोहिण्यांच्या मुळाशी असतात. म्हणूनच अर्बुद काढताना त्याच्या दोन्ही बाजूंचे आतडे, त्याला पोटाच्या मागील भित्तीशी जोडणारा मेदयुक्त आंत्रबंध व त्यातील रोहिणी मुळापासून काढतात. जर्मनीतील एर्लांगेन येथील होहेनबेर्गर यांनी २००९ मध्ये हा आंत्रबंध त्याच्या आवरणासह अखंड काढण्याचे जे तंत्र मांडले, त्याचे तत्त्व हेच आहे.

काढलेल्या ग्रंथींपैकी एकीतही कर्करोग आढळला नाही, तर रोग पहिल्या किंवा (भित्तीत खोल गेला असल्यास) दुसऱ्या अवस्थेत समजतात. एका ग्रंथीत जरी तो सापडला, तरी अवस्था तिसरी ठरते. १९९० मध्ये अमेरिकेतील मोर्टेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, तिसऱ्या अवस्थेतील बृहदांत्र कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर फ्ल्युओरोयुरॅसील व लेव्हॅमिसोल ही औषधे दिल्यास मृत्यूंचे प्रमाण सु. एकतृतीयांशाने घटते. पुढे औषधे बदलली. परंतु तिसऱ्या अवस्थेत रासायनी चिकित्सा द्यावयाची, हा नियम कायम राहिला. त्यामुळे विकृतिवैज्ञानिकाच्या नजरेतून सुटलेली एक बाधित ग्रंथी ही केवळ नोंदीतील चूक नसते. जे औषध मिळावयास हवे होते, ते त्या रुग्णाला मिळत नाही. निदान १२ ग्रंथी तपासल्याखेरीज ‘ग्रंथी निर्दोष’ हा निष्कर्ष भरवशाचा मानू नये, असा संकेत आता सर्वत्र रूढ आहे. बारा हा आकडा वाटतो तितका सोपा नाही. आंत्रबंधातील मेद पिवळा, मऊ व जाड असतो. त्यातील ग्रंथी बोटांनी चाचपून शोधाव्या लागतात आणि बाधित ग्रंथींपैकी बऱ्याच ५ मिमी.पेक्षाही लहान असतात. गुदाशयाच्या कर्करोगात आधी किरणोपचार झाले असल्यास ग्रंथी आक्रसतात व त्या सापडणे आणखी कठीण होते.

प्रहरी ग्रंथी : अर्बुदाकडून येणारी लसीका ज्या ग्रंथीत सर्वप्रथम पोहोचते, ती प्रहरी ग्रंथी होय. ती निर्दोष असेल, तर पुढच्याही निर्दोष असाव्यात, असे या कल्पनेमागील अनुमान आहे. पॅराग्वायमधील रामोन काबान्यास यांनी शिश्नाच्या कर्करोगासंबंधी १९७७ मध्ये ही कल्पना मांडली. डोनल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये त्वचेच्या कृष्णकर्करोगात व जूल्यानो यांनी १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगात निळे रंजक वापरून ती प्रत्यक्षात आणली. स्तनाच्या बाबतीत तिचा लाभ उघड होता. प्रहरी ग्रंथी निर्दोष आढळल्यास काखेतील उरलेल्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत व हाताला कायमची सूज येण्याचा धोका बराच टळतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील (स्थापना १९४१) शल्यचिकित्सकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच तंत्राची तुलना काखेच्या खालच्या भागातील मेद ठरावीक मर्यादेत काढून तपासण्याच्या साध्या पद्धतीशी केली व साधी पद्धत कमी प्रतीची ठरली नाही. महाग रंजक व किरणोत्सर्गी द्रव्य सर्वत्र मिळत नसलेल्या देशात ही तुलना फार मोलाची आहे.

आतड्याच्या बाबतीत मात्र गणित वेगळे आहे. येथे ग्रंथी आंत्रबंधाबरोबर निघतातच, त्या काढल्याने हातापायास सूज येत नाही आणि रोहिणी मुळाशी बांधावी लागतेच. मग शस्त्रक्रिया आखडती घेऊन रुग्णाला काय मिळणार? अमेरिकेतील फ्लिंट येथे सुकमल साहा यांनी अर्बुदाभोवती आयसोसल्फान निळे टोचून उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. तथापि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बहुकेंद्रीय पाहणीत, ज्यांच्या ग्रंथींत कर्करोग होता अशांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांत प्रहरी ग्रंथी निर्दोष आढळली. पहारेकरीच असा बेभरवशाचा निघाला, याचे एक कारण यांत्रिक आहे. गाळाने बुजलेल्या चारीत पाणी शिरत नाही, ते बाजूच्या चारीने निघून जाते. त्याचप्रमाणे कर्करोगाने भरलेल्या ग्रंथीत रंजक शिरत नाही व दुसरीच ग्रंथी रंगते. मोठ्या अर्बुदांत असे विशेषेकरून घडते. शिवाय काही रुग्णांत लसीका जवळच्या ग्रंथी ओलांडून थेट दूरच्या ग्रंथीस जाते.

तरीही रंगलेल्या ग्रंथीचा एक उपयोग राहतो. विकृतिवैज्ञानिक एरवी प्रत्येक ग्रंथीचे एकदोन काप पाहतो. निवडक दोनचार ग्रंथींचे अनेक पातळ काप घेऊन ते विशिष्ट प्रतिपिंडांनी रंगविल्यास ०·२ ते २ मिमी. आकाराचे सूक्ष्म प्रसारही दिसू शकतात. त्याहून लहान कोशिकासमूहांना किती महत्त्व द्यावे, याबद्दल एकमत नाही.

रंजके व त्यांचे कार्य : मिथिलीन निळे हे रंजक हाइन्रिख कारो यांनी १८७६ मध्ये जर्मनीत कापड रंगविण्यासाठी तयार केले, वैद्यकात ते नंतर आले. आयसोसल्फान निळे व पेटंट निळे ही रंजके त्वरित पसरतात. परंतु शंभरात एखाददुसऱ्या रुग्णात त्यांची तीव्र अधिहर्षता उद्भवू शकते, त्यामुळे भूलतज्ञाने सावध असावे लागते. निळ्या रंजकांमुळे बोटाला लावलेले उपकरण रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण काही काळ खोटेच कमी दाखविते, ही गोष्टही ध्यानात ठेवावी लागते. लघवी हिरवी-निळी होते, त्यात मात्र घाबरण्यासारखे काही नसते. काही विषादरोधी औषधे घेणाऱ्यांना व जी-६-पी-डी या एंझाइमाची जन्मजात न्यूनता असणाऱ्यांना मिथिलीन निळे टोचू नये.

किरणोत्सर्गी मार्गणासाठी टेक्नेशियमाच्या ६ तास अर्धायुष्य असलेल्या समस्थानिकाचे कलिल वापरतात. आतड्यात त्याची मोठी अडचण अशी की, टोचलेली जागा व ग्रंथी जवळजवळ असल्याने अर्बुदाकडून येणारे प्रारण ग्रंथीकडील प्रारणाला झाकून टाकते. कार्बनाचे अतिसूक्ष्म कण लसीका वाहिन्यांत शिरतात, परंतु रक्तकेशिकांत शिरण्यास ते मोठे पडतात. त्यामुळे ग्रंथी काळ्या होऊन तशाच राहतात. चीनमध्ये या पद्धतीचा बराच प्रसार आहे.

इंडोसायानीन हिरवे हे रंजक १९५० नंतरच्या दशकात कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत निर्माण झाले व प्रथम हृदयाचे कार्य मोजण्यासाठी वापरात आले. ते रक्तातील प्रथिनांना चिकटते आणि यकृतावाटे पित्तात उत्सर्जित होते. सु. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात ते स्वतः किंचित अधिक तरंगलांबीचा प्रकाश देते. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. दुर्बिणीवरील विशेष कॅमेरा तो पडद्यावर दाखवितो. वाहिन्यांची जाळी त्यात डोळ्यांदेखत उजळत जाते व लसीका नेहमीच्या मार्गाबाहेर जात असल्यास आंत्रबंध किती रुंद काढावा, हे ठरविता येते. बृहदांत्राच्या वळणावरील अर्बुदांत याचा विशेष उपयोग होतो. आतडे जोडण्यापूर्वी टोकांना रक्तपुरवठा पुरेसा आहे की नाही, हेही त्याच रंजकाने पाहता येते. परंतु अवरक्त प्रकाश ऊतकात फार तर सु. १ सेंमी. खोल जातो, त्यामुळे स्थूल रुग्णांच्या जाड आंत्रबंधात खोलवरच्या ग्रंथी दिसत नाहीत.

शरीराबाहेरील रंजन : जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील मेर्कल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ पासून प्रसिद्ध केलेली पद्धत अगदी साधी आहे. आतडे काढल्यावर, ते फॉर्मॅलिनात टाकण्यापूर्वी, त्याच्या मुख्य रोहिणीच्या कापलेल्या टोकात बारीक नळी घालून लवणद्रावाने विरल केलेले १५–२० मिली. मिथिलीन निळे हळूहळू सोडतात. रंजक सूक्ष्म वाहिन्यांतून ग्रंथींत उतरते. मेद पिवळा राहतो व ग्रंथी निळ्या दिसतात. सापडणाऱ्या ग्रंथींची संख्या त्यामुळे जवळजवळ दुप्पट होते. बाधित ग्रंथी असलेल्या रुग्णांचे प्रमाण मात्र त्या मानाने वाढल्याचे दिसलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या रुग्णालयात बारा ग्रंथी सहज सापडतात, तेथे या पद्धतीने फारसे साधणार नाही. जेथे पाचसहांवर शोध थांबतो, तेथे ती अपुऱ्या तपासणीचे रूपांतर पुरेशा तपासणीत करते. रुग्णाला रंजक टोचावे लागत नसल्याने अधिहर्षतेचा प्रश्नच उद्भवत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. बृहदांत्राचा कर्करोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये व बार्शीची (जि. सोलापूर) ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली; दोहोंची तुलना करता ग्रामीण भागातील प्रमाण शहरापेक्षा कमी दिसते. रोग विरळ असल्यामुळे लहान रुग्णालयातील विकृतिवैज्ञानिकाच्या हाती असे आतडे क्वचितच येते व ग्रंथी शोधण्याचा सराव राहत नाही. अहिल्यानगर–पाथर्डी रस्त्यावरील तिसगावसारख्या गावातील रुग्णास आतड्यात अडथळा येऊन एकाएकी पोट फुगले, तर त्याची शस्त्रक्रिया बहुधा जवळच्या शहरात तातडीने होते. अवरक्त कॅमेरा असलेल्या केंद्रापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. लोणी (ता. राहाता) येथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेत विकृतिविज्ञानाचा स्वतंत्र विभाग असतो, पण तातडीच्या वेळी रुग्ण तेथे नेता येईलच असे नाही. मिथिलीन निळे मात्र स्वस्त आहे, व ते टोचण्यास पिचकारी, बारीक नळी आणि पाचदहा मिनिटे एवढेच लागते.

तपासणीसाठी पाठविताना आतड्यासोबतच्या चिठ्ठीत रंजक सोडले किंवा नाही, कोणत्या रोहिणीतून सोडले व आधी किरणोपचार झाले होते का, हे लिहावे. अहवालात सापडलेल्या ग्रंथींची एकूण संख्या व त्यांपैकी बाधितांची संख्या ही दोन्ही स्वतंत्रपणे नमूद करतात. एकूण संख्या बारापेक्षा कमी असल्यास उरलेला मेद टाकून न देता पुन्हा एकदा शोधतात.